बडबडगीतांचा चित्रकार कोण?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या दुकानांतून बडबडगीतांची रंगीत पुस्तके ढिगांनी मांडलेली असतात. त्यांतील कित्येकांवर प्रकाशकाचे नाव ठळक, किंमत त्याहून ठळक. चित्रकाराचे नाव मात्र शोधूनही सापडत नाही. ही निव्वळ हयगय आहे, असे आम्ही मानीत नाही. हा अन्याय आहे.

बडबडगीत हे बहुधा आजीच्या तोंडून आलेले, कर्ता अज्ञात असलेले धन. मग अशा पुस्तकात नवे ते काय? चित्रच! ज्या बालकास अक्षरओळख नाही, ते चित्रच वाचते. इंग्रजीतील हम्प्टी डम्प्टीचे उदाहरण घ्या. ते गीत मुळात उखाणा. अंडे हा शब्दही त्यात नाही. आजचे मूल त्यास पाहताच अंडे म्हणते, ते चित्रांच्या प्रतापाने. अमेरिकन चित्रकार विल्यम वॉलेस डेन्स्लो याने १९०३ साली याच गीतावर स्वतंत्र पुस्तक रचले. त्यातील छोटा हम्प्टी फुटण्याच्या भयाने कोंबडीचा सल्ला घेतो आणि उकळून टणक होतो! हा खट्याळपणा गीतातला नव्हे, चित्रकाराचा. त्याआधी, १९०१ साली, याच डेन्स्लोने पारंपरिक बालगीतांचा सचित्र संग्रह काढला, तेव्हा त्याचे नाव थेट ग्रंथाच्या शीर्षकातच आले. गीते कोणाचीच नव्हती. चित्रे त्याची होती. याहून सरळ न्याय कोणता?

यावर कोणी म्हणतील, ‘अजिंठ्याच्या चित्रकारांनी तरी कोठे नावे लिहिली?’ आमच्या जिल्ह्यात हा युक्तिवाद फार ऐकू येतो. परंतु सोळाव्या लेण्यातील शिलालेख पाहावा. वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचे नाव दाता म्हणून तेथे दीड हजार वर्षे टिकून आहे. नाव न लिहिणे हाच जर धर्म असता, तर तो वराहदेवासही लागू झाला असता. द्रव्य देणाऱ्याचे नाव राहिले, कुंचला धरणाऱ्याचे बुडाले. आणि आमचे प्रकाशक नेमका हाच कित्ता गिरवीत आहेत.

मोठ्यांच्या वाचनात ही रीत केव्हाच मोडली. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल यांची सही मराठी वाचक मुखपृष्ठावर हौसेने शोधीत. मग मुलांच्याच चित्रकाराने अनामिक का राहावे?

आमची मागणी अल्प आहे: चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर, प्रकाशकाच्या नावाइतक्याच टाइपात छापावे. आणि पालकांनी पुस्तक घेताना दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे: ‘ही चित्रे कोणाची?’