दाजींचं दोन वेळचं जेवण



गेल्या जुलैत एका रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, ह्यांना तिकडं कामावर चक्कर आली म्हणं. सांगायलेत काहीच नाही, लपवायलेत." आमचे दाजी शारजात सळया बांधायच्या कामावर आहेत. आधी दसरा-दिवाळी झाली की जोडीनं ऊसतोडीला कर्नाटकात जायचे. पोरं शाळेत टिकावीत म्हणून कोयता सोडला आणि पासपोर्ट काढला. वय ४१. गेल्या सुट्टीत तेलगावला आले तेव्हा रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

तिकडं त्यांच्या खोलीत मोबाईलवर कुणीतरी दोन वेळच्या जेवणाची चित्रफीत दाखवली. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची ती जीवनशैली आपल्याकडं घरोघर माहीत आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं, मधे काही खायचं नाही आणि ४५ मिनिटं चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं दीक्षित स्वतःच सांगतात. ते आधी रक्ताच्या तपासण्या करून घ्यायलाही सांगतात. पण चित्रफीत पुढं पाठवणारा नेमकी ही गोष्ट गाळून "वजन दहा किलो उतरलं" एवढंच सांगतो.

दाजींनी सुरू केलं. पहाटे चारला उठायचं, बिनसाखरेच्या काळ्या चहाबरोबर दोन्ही गोळ्या घ्यायच्या. बहिणीची ताकीदच होती की गोळी चुकवायची नाही. पाचला बस. पहिलं जेवण एकदम दुपारी साडेबाराला, कारण तिकडं १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवण्याचा कायदा आहे. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर आठ तास अन्नाचा कण नाही, वर उन्हातली अंगमेहनत. साडेदहाला घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यापुढं अंधारी आली. तिथं घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळं मुकादमाला वाटलं ऊन लागलं. शेजारच्या केरळच्या गड्यानं गोड सरबत पाजलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून अर्धी रजा टाकून गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन माजलगावला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आम्ही बी.कॉम.ची माणसं, आम्हाला जमा-खर्चातच समजतं. जमेला काही नसताना खर्च टाकत गेलं की खातं उणे होणारच. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड ही लक्षणं दिसतात. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बरं वाटलं की जेवू घालायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

हे सगळं बहिणीला सांगितलं, तर ती म्हणते, "दादा, बाबासाहेब लंडनला उपाशी राहून शिकले की! हे तर दोनदा जेवतात."

मी जरा गप्पच झालो. आपल्या घरांत हे वाक्य फार अभिमानानं बोललं जातं. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला होते. सकाळी पावाचा पातळ तुकडा आणि चहा, दिवसभर ग्रंथालय, दुपारचं जेवण नाही, रात्री भूक अनावर झाली की मुंबईच्या मित्रानं दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. पण बाई, ते पथ्य नव्हतं गं, ती उपासमार होती. खिशात पैसे असते तर ते पोटभर जेवले असते. पुढं त्यांना मधुमेह झाला. १९४८ साली डॉक्टर असलेल्या माईंशी लग्न झाल्यावर इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ त्याच घालत. तो कष्टाचा काळ आपण विसरायचा नाही, पण त्याचा आहाराचा तक्ता करून भिंतीला लावायचा नाही.

खाणं कमी करण्याचीच गोष्ट हवी असेल तर संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची आहे. तो भरमसाट भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडं आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवायला सांगितलं. राजानं एका तरुणाला रोज जेवताना त्याची आठवण करून द्यायच्या कामावर ठेवलं आणि हळूहळू, मापामापानं भात उतरवला. एका चित्रफितीनं एका सकाळी नव्हे. आणि तो राजा होता, सळया बांधत नव्हता.

दाजी तिकडच्या दवाखान्यात जाऊन आले. एक गोळी बंद झाली, दुसरी जेवणाबरोबर घ्यायची ठरली. दोन वेळचा हट्ट उन्हाळाभर बाजूला. पहाटे एक खुबूस, म्हणजे तिकडची मैद्याची रोटी, सोबत दोन अंडी. दुपारी डाळ-भाजी जास्त, भात कमी. रात्री तसंच. बहिणीनं गावाकडून निघालेल्या एकाबरोबर जवसाची चटणी, फुटाणे आणि साखर तपासायचं यंत्र पाठवलं. यंत्राच्या पट्ट्या महाग पडतात, ही दाजींची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

परवा फोनवर म्हणाले, "दादा, साखरेची पुडी खिशात ठेवली तर घामानं पाघळतीय." मग काय केलं, विचारलं. ऊसतोडीच्या दिवसांपासूनची तंबाखूची जुनी चंची होती ना, ती रिकामी करून धुतली म्हणे. आता तीत प्लास्टिकच्या पिशवीत साखर असते.