चार वाफे बियाण्यासाठी



शाळेच्या मागील मोकळ्या जागेवर फरशी घालावी, म्हणजे वाहने उभी करण्याची सोय होईल, अशी सूचना आली आहे. सोयीची गरज आम्हांस मान्य आहे. तरीही तेथील चार वाफे बियाण्यासाठी राखून ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण सांगण्यासाठी आपल्या डब्यातील भेंडीचेच उदाहरण घेऊ.

भेंडीवर केवडा रोग पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या होतात, फळे फिकट व निबर निघतात. या रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. १९२४ साली मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद झाली. पुढे १९५० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. हरभजन सिंह यांनी बंगालकडील एका भेंडीचा ‘पुसा मखमली’शी संकर करून ‘पुसा सावनी’ हा वाण तयार केला. रोग सोसण्याची ताकद त्या बंगालच्या भेंडीत होती. हा वाण देशभर पसरला, पण कालांतराने तोही रोगाला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे व डॉ. नेरकर यांनी त्याचा भेंडीच्या भावकीतील दुसऱ्या जातीशी संकर केला. पुढच्या पिढ्यांत पुन्हा ‘पुसा सावनी’शी संकर व निवड करीत १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. आज अनेक ठिकाणी त्यावरही केवडा दिसतो.

म्हणजे हे काम कधीच संपत नाही. प्रत्येक वेळी उपाय सापडला तो कोठेतरी टिकून राहिलेल्या वेगळ्या बियांत. सगळीकडे एकच वाण उरला, तर पुढच्या वेळी निवड कशातून करणार?

संकरित बियाण्याला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याला उत्पन्न हवेच. परंतु त्या पिकाचे बी पुन्हा पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून दरवर्षी नवे पाकीट आणावे लागते आणि घरचे बी मागे पडते.

कोणी म्हणेल, बियाणे जपण्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय जीन बँक आहे, शाळेने यात का पडावे? जीन बँक बी जपते, पण मुलांना शिकवण्याचे काम आपले आहे. एकाच बियाचे झाड खताच्या वाफ्यात उंच वाढते आणि मुरमाड जागेत खुजे राहते. हा फरक मातीचा. तो बियातून पुढे जात नाही. पण एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर एक भेंडी पाच धारांची आणि दुसरी आठ धारांची आली, तर तो फरक वंशाचा. वाण सुधारण्यासाठी हाच फरक उपयोगी पडतो. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि फूटपट्टी घेऊन स्वतः मोजणे वेगळे.

पालकांना आमची विनंती आहे. माळवा, निमाड किंवा महाराष्ट्रातील आपल्या गावी घरचे बी राखलेले असेल, तर मूठभर द्यावे. पाकिटावर गावाचे नाव, किती वर्षांपासूनचे बी आणि भेंडीचे गुण लिहावेत. आजी-आजोबांना विचारल्यास माहिती नक्की मिळेल. पेरणी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर होईल. मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून बियासाठी राखलेल्या कळ्यांना आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे राहील.

विश्वस्तांनी फरशीचा निर्णय घेताना हे चार वाफे नकाशात दाखवावेत, एवढेच आमचे मागणे आहे.