गोळी पोटात कुठे विरघळते?

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी मोठी आहे, आजीला गिळवत नाही, म्हणून ती कुटून पाण्यातून द्यायची, हे आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत चालते. पण औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर ती गोळी तासन्‌तास थोडी थोडी सुटावी अशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. चक्कर येते, माणूस पडतो, आणि रात्री अंगात औषध पुरत नाही.

हे अंदाजाने सांगितलेले नाही. अशा गोळीत टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडे घालतात आणि गॅमा कॅमेऱ्याने पोटाची चित्रे घेतात. गोळी कुठे पोहोचली, कधी सुटू लागली, ते पडद्यावर दिसते. द्रव्याचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो, म्हणून माणसांवर ही तपासणी करता येते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी १९८६ साली अशा तपासण्यांचा हिशोब मांडला. लहान आतड्यातून गोळी साधारण ३ तासांत पुढे जाते, जेवलेले असा वा नसा. जठरात मात्र भरपेट जेवणानंतर मोठी, अखंड गोळी बराच वेळ अडकून राहते. ‘जेवणानंतर घ्या’ म्हणतात तेव्हा ते उगाच नसते.

एवढ्या खटाटोपाने मिळालेले ज्ञान शेवटी दोन इंग्रजी अक्षरांत कोंबायचे आणि वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे, हे आम्हाला मान्य नाही. दुकानदार कात्रीने पाकीट कापून चारच गोळ्या देतो, तेव्हा कधी कधी ती अक्षरेही दुकानातच राहतात. ‘कुटू नका, चावू नका’ हे पाकिटावर मराठीत ठळक छापले पाहिजे. आणि दवाखान्याच्या खिडकीवर तोंडाने सांगायला तर पैसाही लागत नाही.

तोवर आपणच विचारायचे. गिळवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. पातळ औषध किंवा दिवसातून दोन-तीनदा घ्यायची साधी गोळी असा मार्ग बहुधा निघतो. पैसे वाचवायला गोळी अर्धी करणारेही आहेत. मध्ये रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण विचारल्याशिवाय नको. आणि शौचात गोळीचे कवच दिसले तर औषध वाया गेले समजून दुसरी गोळी घेऊ नका. अशा काही गोळ्यांतले औषध अंगात उतरते आणि रिकामे कवच तेवढे बाहेर पडते.