लघुलहरींचे गायरान आणि वीजतारांचे अतिक्रमण

ज्या वस्तूची किंमत बाजारात ठरत नाही ती भांडवली अर्थव्यवस्थेत फुकट समजली जाते, आणि जी फुकट समजली जाते तिची नासाडी करण्याचा परवाना राज्यसंस्थेकडून मिळविणे फारसे अवघड नसते. नदीचे पाणी, गावचे गायरान, शहराची हवा यांच्या बाबतीत हा अनुभव चळवळीतील कार्यकर्त्यांना नवा नाही. परंतु रेडिओलहरींच्या बाबतीतही नेमके हेच घडते, याकडे डाव्या विचारांच्या मंडळींचे लक्ष क्वचितच गेले आहे. अमेरिकेत २००३ ते २०११ या काळात वीजतारांवरून इंटरनेट पुरविण्याच्या प्रश्नावर हौशी रेडिओचालक आणि तेथील संघीय दळणवळण आयोग यांच्यात जो झगडा झाला, तो या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. चार छांदिष्टांची कुरकुर म्हणून त्याची वासलात लावण्याचा मोह पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही होतो. तो आवरला पाहिजे.

हे छांदिष्ट कोण, हे आधी पाहू. ‘हॅम’ या नावाने ओळखला जाणारा हौशी रेडिओचालक परीक्षा देऊन परवाना मिळवितो, स्वतःचे यंत्र बहुधा स्वतःच जुळवितो आणि लहरींवरून जगाशी बोलतो. परंतु त्या बोलण्यातून एक पैसाही कमावण्यास त्याला कायद्याने मनाई आहे. त्याच्या वाट्याला आलेल्या लहरींचा इतिहास तर बोलका आहे. १९१२ च्या अमेरिकन रेडिओ कायद्याने हौशींना दोनशे मीटर व त्याखालच्या लहरींवर ढकलले, कारण या आखूड लहरी दूर जात नाहीत, सबब त्या निरुपयोगी, अशी तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती. पडीक जमीन भूमिहीनांना वाटावी तसा हा प्रकार होता. हौशींनी ती पडीक जमीन कसली. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरच्या लहरींवर अमेरिकेतील व फ्रान्समधील हौशींनी अटलांटिकच्या आरपार परस्परांशी संभाषण केले, आणि लघुलहरी आकाशातील विद्युत्‌भारित थरांवरून परावर्तित होऊन खंडे ओलांडतात, हे व्यवहारात सिद्ध झाले. नभोवाणी कंपन्या, लष्कर, जहाजवाहतूक या सर्वांची त्या ‘निरुपयोगी’ लहरींवर झुंबड उडाली ती त्यानंतर. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व लहरींना लावायचे ठरविले तर पहिला हक्क कोणाचा, हे निराळे सांगावयास नको.

आता वीजतारांकडे वळू. दूरचित्रवाणीच्या केबलला धातूचे वेष्टन असते, त्यामुळे आतील लहरी आतच राहतात. खांबांवरून जाणारी विजेची तार उघडी असते. ती पन्नास-साठ आवर्तनांची वीज वाहून नेण्यासाठी ताणलेली. तिच्यात सेकंदाला लाखो आवर्तनांच्या लहरी सोडल्या की ती वीजतार राहत नाही, मैलोन्‌मैल पसरलेली अँटेना होते. आयोगाने या योजनेला १.७ ते ८० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा खुला केला. हौशींचे ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्‌झचे पट्टे, लघुलहरींवरील नभोवाणी, विमाने व जहाजे यांचे दळणवळण हे सर्व त्याच पट्ट्यात येते. हौशी ऐकतो तो संकेत हजारो मैलांवरून आलेला, अत्यंत क्षीण असतो. दारातल्या खांबावरून सतत खरखर सुरू झाली की तो बुडतो. ‘सेवा’ म्हणून मोजता येईल असे काही बंद पडत नाही. फक्त ऐकू येत नाही, एवढेच.

आयोगाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार खात्यातील दूरसंचार प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक अहवालात, अशा तारांजवळ काही अंतरापर्यंत रेडिओ-ग्रहणात व्यत्यय येण्याचा संभव मान्य केलेला होता. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश मिनियापोलिसच्या भाषणात या तंत्राची भलामण करीत होते. २००७ पर्यंत सर्वांना ब्रॉडबँड, ही त्यांची घोषणा होती. १४ ऑक्टोबर २००४ रोजी आयोगाने नियम मंजूर केले. या नियमांत एक गोष्ट मोठी सूचक आहे. विमान-दळणवळणाच्या काही पट्ट्यांत वीजतारांवरील ब्रॉडबँडला पूर्ण बंदी घालण्यात आली, काही तटरक्षक केंद्रांभोवती निषिद्ध क्षेत्रे आखण्यात आली. म्हणजे व्यत्यय येतो, हे आयोगाने स्वतःच मान्य केले! ज्यांच्या पाठीशी सरकारी खाती उभी होती त्यांना संरक्षण मिळाले. हौशींना मात्र आधी व्यत्यय सोसा, मग तक्रार करा, मग तारवाला उपाय करील, असे सांगण्यात आले. कारखान्याच्या धुराबद्दल वस्तीला जे उत्तर मिळते, त्याहून हे निराळे नाही.

या प्रकरणाचे खरे मर्म एका गुणाकारात आहे, आणि ते समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. तारेपासून ३० मीटरवर लहरीची तीव्रता मीटरमागे ३० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा होती. प्रत्यक्षात मोजणी त्याहून जवळ, समजा १० मीटरवर केली, तर ३० मीटरवरचा आकडा हिशेबाने काढावा लागतो. अंतर तिप्पट झाले की तीव्रता नऊपटीने घटते, असे आयोगाने गृहीत धरले. ती तिपटीच्याच आसपास घटते, असे हौशींचे म्हणणे होते. आयोगाच्या हिशेबाने १० मीटरवर २७० मायक्रोव्होल्टपर्यंत सूट मिळते. घट तिपटीचीच असेल तर ३० मीटरवर प्रत्यक्षात ९० उरतात, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. कायद्यातील मर्यादेचा एक शब्दही न बदलता मर्यादा तिप्पट सैल होते. दारिद्र्यरेषा खाली ओढून गरीब कमी करण्याची कला ज्यांनी नियोजन मंडळाच्या कागदांत पाहिली आहे, त्यांना ही हातचलाखी चटकन ओळखू येईल.

अमेरिकन रेडिओ रिले लीग या १९१४ पासूनच्या हौशींच्या संघटनेने आयोगाकडे फेरविचार मागितला; तो नाकारला गेल्यावर ती न्यायालयात गेली. आयोगाने ज्या अभ्यासांचा आधार घेतल्याचे सांगितले होते, ते त्याच्याच अभियंत्यांनी केलेले होते. आणि ते लोकांसमोर ठेवताना त्यांतील काही भाग गाळून ठेवले होते. आधार घ्यायचा, पण आधारातला अडचणीचा मजकूर झाकायचा! २५ एप्रिल २००८ रोजी कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला. लीगचे सर्व मुद्दे न्यायालयाने मानले नाहीत, हे नमूद केले पाहिजे. परंतु अहवालांतील मजकूर दडवून नियम करणे हा प्रशासकीय कायद्याचा भंग आहे, तसेच नऊपटीच्या गृहीतकाविरुद्ध आलेली मोजमापे, ज्यांत ब्रिटनच्या नियामक संस्थेची मोजमापेही होती, बाजूला का सारली याचे समर्पक कारण आयोगाने दिलेले नाही, या दोन मुद्द्यांवर प्रकरण आयोगाकडे परत पाठविण्यात आले. हौशी संघटनेची ही कमाई लहान नाही. मोर्चा नाही, घेराव नाही. कागद मागितले, मोजमापे केली आणि चार वर्षे चिकाटीने लढत राहिले.

अर्थशास्त्राच्या वर्गांत या विषयावर एक ठरीव पाठ शिकविला जातो. पिगूने १९२० मध्ये आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे उदाहरण दिले: रेल्वेच्या हिशेबात न धरलेली किंमत शेजारचा शेतकरी मोजतो, म्हणून राज्याने हस्तक्षेप करावा. रोनाल्ड कोझ याने १९५९ मध्ये याच संघीय आयोगावर निबंध लिहून उलट बाजू मांडली. लहरींवर मालकीहक्क निर्माण करा, ते विका, मग व्यत्ययाचा प्रश्न खरेदी-विक्रीतून आपोआप मिटेल. लहरींचे लिलाव पुढे जगभर झाले ते याच विचारसरणीच्या छायेत. पण वीजतारांच्या प्रकरणात हा सौदा कोणी कोणाशी करायचा होता? एका बाजूला वीज कंपनी. दुसऱ्या बाजूला गावोगाव विखुरलेले, पैसा कमावण्यास कायद्याने बंदी असलेले हौशी आणि आपला रेडिओ का खरखरतो हे ज्यांना कळतही नाही असे श्रोते. सौदा करण्याचाच खर्च अवाढव्य असेल तर बाजार निरुपयोगी ठरतो, हे खुद्द कोझनेही १९६० मध्ये लिहून ठेवले आहे. त्याचे अनुयायी ते पान उलटून पुढे जातात.

तथापि सार्वजनिक मालकी आली की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या समाजवादी मित्रांनाही या इतिहासात थोडे अडखळावे लागेल. व्हर्जिनियातील मॅनॅसस या शहराचे वीजखाते नगराच्या मालकीचे. त्याच्या तारांवरून २००५ मध्ये शहरभर ब्रॉडबँड सुरू झाले. आधी खासगी कंपनीमार्फत, पुढे नगराने ते स्वतःकडे घेतले. हौशींच्या तक्रारी थेट आयोगापर्यंत गेल्या. नगराची मालकी होती म्हणून तारेतून गळणाऱ्या लहरी काही कमी झाल्या नाहीत. ग्रामीण भागातील वीज सहकारी संस्था तर रूझवेल्टच्या काळातील ग्रामविद्युतीकरणाच्या थोर चळवळीतून जन्मलेल्या. त्यांनाही याच तंत्राची भुरळ पडली. खेड्यातल्या गरिबाला इंटरनेट मिळणार असेल तर हौशींच्या खरखरीचे काय एवढे, हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, आणि डाव्या कार्यकर्त्याला तो सर्वांत अवघड जातो. परंतु ठरावीक अंतरावर संकेत पुन्हा बळकट करणारे यंत्र बसवावेच लागते. त्यामुळे घरे जितकी विरळ तितका घरामागे खर्च अधिक. ज्या खेड्याच्या नावाने योजना आखली, त्याच खेड्यात ती सर्वांत महाग पडते. या सहकारी संस्थांना सेवा देणारी प्रमुख कंपनी २०१२ च्या जानेवारीत बंद पडली. मॅनॅससने १ जुलै २०१० रोजीच सेवा थांबविली होती. त्या वेळी ग्राहक उरले होते जेमतेम पाचशेच्या घरात. डॅलसमधील जाळे २००८ मध्ये वीज कंपनीने विकत घेतले, ते ब्रॉडबँडसाठी नव्हे, स्वतःच्या वीजव्यवस्थेवर देखरेख ठेवण्यासाठी. इंग्लंडमध्ये नॉर्वेब कंपनीने असाच प्रयोग १९९९ मध्येच गुंडाळला होता. अमेरिकेला तो धडा पाच वर्षे आधी फुकट उपलब्ध होता.

गरिबाच्या नावाने जे उद्ध्वस्त करायचे होते, त्याचा गरिबाला काय उपयोग, हेही पाहावे. आयोगाने नियम मंजूर केल्यावर अडीच महिन्यांच्या आत, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटे झोडपली. त्या वेळी भारतीय हौशींचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. टेलिफोन बंद पडल्यावर बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविण्यास त्यांची लघुलहरींवरील यंत्रे उपयोगी पडली. पुढच्या ऑगस्टमध्ये कॅट्रिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात मोबाइलचे मनोरे कोसळले, तेव्हा तेथील हौशींनी हेच केले. हे काम करणाऱ्याला ना कंपनी लागते, ना मनोरा. एक तार, एक बॅटरी आणि शांत लहर पुरते. त्यांतील तिसरी गोष्ट पैशाने विकत घेता येत नाही.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. या तत्त्वाची चर्चा आपल्याकडे होते ती लहरी कोणाला किती स्वस्तात विकल्या, एवढ्यापुरतीच. विकल्या न जाता नासविल्या गेल्या तर? स्वस्त चार्जर, निकृष्ट एलईडी दिवे, सौर पंपांचे व घरांवरील सौर संचांचे इन्व्हर्टर यांच्यातून लघुलहरींत खरखर ओतली जाते. गाळणीचे दोन भाग वगळून उत्पादक काही रुपये वाचवितो, आणि ती बचत साऱ्या गल्लीच्या ग्रहणावर कर म्हणून बसते. अशा तोट्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

अमेरिकेच्या आयोगाने २००९ मध्ये दडवलेला मजकूर अखेर खुला केला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याने सुधारित आदेश काढला. हौशींच्या पट्ट्यांसाठी यंत्रातील गाळणीची क्षमता २० डेसिबलवरून २५ डेसिबल करण्यात आली, आणि प्रत्यक्ष जागेवर मोजून निराळा गुणक काढण्याचा पर्याय देण्यात आला. तोपर्यंत बहुतेक तारांवरील ब्रॉडबँड बंद पडले होते. ज्याचे समर्पक कारण देता आले नाही म्हणून न्यायालयाने प्रकरण परत पाठविले होते, तो नऊपटीचा गुणक मात्र आयोगाने नवी कारणमीमांसा जोडून तसाच कायम ठेवला.