धाकट्या भागीदाराचा हिस्सा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअर बाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, आणि केंद्र सरकारच्या चाकरीत आयुष्य वेचून करोलबागेत वा नोएडात स्थिरावलेली आमची मराठी कुटुंबेही अलीकडे त्या निमित्ताने दोन-चार भाग घेऊन ठेवतात. म्हणून कंपनीचा ताबा बड्या हाती जातो तेव्हा तिच्यातील धाकट्या भागीदाराची काय गत होते, हा प्रश्न आम्ही यंदा अंकाच्या आरंभीच मांडीत आहोत.

उदाहरण शेजारचेच आहे. नेहरू प्लेसमधून पुढे गुडगावात गेलेली रॅनबॅक्सी ही औषधकंपनी विकत घेण्याचा करार जपानच्या दाईची सांक्योने जून 2008 मध्ये जाहीर केला, तेव्हा प्रवर्तक सिंग कुटुंबाचा सुमारे 35 टक्क्यांचा संपूर्ण हिस्सा दर भागास 737 रुपयांनी जाणार होता; आणि तत्कालीन नियमांस अनुसरून तोच भाव इतर भागधारकांनाही देऊ करण्यात आला, परंतु केवळ 20 टक्के भांडवलापुरता. भाव समान म्हणून न्यायही समान झाला, असे मानण्यापूर्वी हिशेब करून पाहावा. प्रवर्तकांचे सगळेच्या सगळे भाग खपले. उरलेल्या सर्वांनी विक्रीची दरखास्त दिली असती, तर ज्याच्यापाशी शंभर भाग होते त्याचे तीसेक स्वीकारले जाऊन बाकीचे सत्तर त्याच्या डिमॅट खात्यात जसेच्या तसे राहिले असते. त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने देवास आणि पांवटा साहिब येथील कारखान्यांतल्या तीसहून अधिक औषधांच्या आयातीस मनाई केली, जगभरचे बाजार त्याच सुमारास कोसळले, आणि पुढल्या मार्चमध्ये तो भाग दोनशे रुपयांच्याही खाली होता.

प्रवर्तकांनी महत्त्वाची माहिती दडविली, अशी फिर्याद घेऊन दाईची सिंगापूरच्या लवादापुढे गेली. 2016 साली तिला अडीच हजार कोटींहून अधिक रकमेचा निवाडा मिळाला आणि 2018 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने तो मुख्यत्वे कायम केला. बड्या खरेदीदाराने दाद मागितली, ती त्याच्यापाशी करारपत्र होते म्हणून. ज्या धाकट्या भागधारकाचे भाग असे मागे राहिले, त्याच्याशी कोणी करार केलाच नव्हता.

रॅनबॅक्सीचा सुमारे 47 टक्के हिस्सा असलेल्या हैदराबादच्या झेनोटेकचे भागधारक तर आणखीच दूर फेकले गेले. रॅनबॅक्सीने त्यांना 2008 च्या आरंभी 160 रुपये देऊ केले होते; रॅनबॅक्सीबरोबर झेनोटेकचाही ताबा अप्रत्यक्षपणे आल्यामुळे वर्षभराने दाईचीने त्यांना 113 रुपये 62 पैसे देऊ केले. अपिलीय न्यायाधिकरणाने 160 चा भाव ग्राह्य धरला, परंतु जुलै 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला, कारण रॅनबॅक्सीने झेनोटेकचे भाग घेतले त्या वेळी या दोन कंपन्या संगनमताने वागत नव्हत्या. कायद्याच्या अक्षरास धरून हा निर्णय योग्यच असेल. दाईचीनेही कायदा मोडला नाही. उणीव आहे ती कायद्यात, आणि म्हणूनच ती आम्हांस अधिक सलते.

ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती असेही नाही. त्याच जुलैमध्ये, भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने नेमलेल्या अच्युतन समितीने, ताबा घेणाऱ्याने उर्वरित सर्व भागांसाठी प्रस्ताव द्यावा, अशी शिफारस केली. इंग्लंडात ही वहिवाट फार जुनी आहे. उद्योगपतींना एवढे भांडवल उभे करणे जड जाईल या सबबीपुढे ती टिकली नाही, आणि 2011 च्या नियमांत 26 टक्क्यांची किमान मर्यादा आली. ती सबब अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कंपनी स्वतःचेच भाग भागधारकांकडून प्रस्तावाद्वारे परत विकत घेते, तेव्हा दोन लाख रुपयांपर्यंतचे भाग बाळगणाऱ्यांसाठी 15 टक्के राखून ठेवण्याचा दंडक याच सेबीने घातला आहे. मग ताबा बदलतानाच्या प्रस्तावात, जेथे धोका त्याहून किती तरी मोठा असतो, तेथे धाकट्यांचे भाग आधी आणि पूर्णपणे स्वीकारण्याची तजवीज करण्यास कोणती अडचण आहे, हे सेबीने जाहीरपणे सांगावे.