दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची : मतदानाआधी सांगणार की मध्यरात्री ठरवणार?

कोरगाव : गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. निवडणूक जवळ येऊ लागली की पेडणे तालुक्यात एक प्रश्न हमखास निघतो. मुख्यमंत्री कोण, हा नव्हे. तो प्रश्न पणजीत आणि दिल्लीत सुटतो. इथला प्रश्न असतो, ‘दुसरो कोण?’ कारण ही दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची पेडण्याने मिळवली आहे आणि घालवलीही आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न मतदानाआधी सुटतो. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला आपला उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार आधी जाहीर करावा लागतो. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलैला जे. डी. व्हान्स यांचे नाव सांगितले, तर कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांचे. तोवर पेनसिल्व्हेनियाचे शपिरो की ॲरिझोनाचे केली, अशा अंदाजांना नुसता ऊत आला होता. मतदान नोव्हेंबरात. म्हणजे दुसऱ्या माणसाला पारखून घ्यायला लोकांना तीन-चार महिने मिळाले.

ही पारख तिथे गरजेची आहे. १९६० मध्ये केनेडींनी टेक्सासची मते डोळ्यांसमोर ठेवून लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. तीन वर्षांनी केनेडींची हत्या झाली आणि तेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

चार महिन्यांत चार उपमुख्यमंत्री

आपल्याकडे सगळे उलट. मतदान आधी, जोडीदार नंतर, आणि तोही बहुतेक वेळा रात्री.

१७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर यांचे निधन झाले. १८ तारखेला दिवसभर बैठका चालल्या आणि १९ च्या पहाटे दोनच्या सुमारास डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. पाठिंब्याचा मोबदला म्हणून मगोचे सुदिन ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई हे दोघे उपमुख्यमंत्री ठरले. २० मार्चला सरकारने विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ मतांनी जिंकला.

त्यानंतर आठवडाभरातच चित्र पालटले. २७ मार्चच्या मध्यरात्रीनंतर मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी विधिमंडळ गट भाजपात विलीन केला. त्यातले एक पेडण्याचे मनोहर ऊर्फ बाबू आजगावकर, दुसरे सावर्ड्याचे दीपक पाऊसकर. ढवळीकर मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि आजगावकर उपमुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात आले. तोवर विरोधी पक्षनेते असलेले चंद्रकांत ऊर्फ बाबू कवळेकर १३ जुलैला उपमुख्यमंत्री झाले आणि सरदेसाई घरी गेले. चार महिने पुरे व्हायच्या आत चार माणसांना ही पाटी लागली!

यातल्या एकाचेही नाव त्या पदासाठी २०१७ च्या प्रचारात मतदाराला सांगितलेले नव्हते. उलट तेव्हा मगोने भाजपच्या विरोधात मते मागितली होती.

पुढचा निकाल तर आणखी बोलका आहे. २०२२ मध्ये ज्यांची खुर्ची काढून घेतली होती, ते ढवळीकर मडकईत आणि सरदेसाई फातोर्ड्यात निवडून आले. ज्यांना ती मिळाली होती, त्या दोन्ही बाबूंचा पराभव झाला. कवळेकर केप्यात हरले. आजगावकरांना पक्षाने पेडण्यातून उचलून मडगावात नेले, तिथे ते दिगंबर कामत यांच्यासमोर पडले. म्हणजे उपमुख्यमंत्री असलेल्या माणसाला स्वतःचा मतदारसंघही राखता आला नाही. त्यानंतर बनलेल्या सरकारात उपमुख्यमंत्रीच नेमला गेला नाही आणि सरकारचे काही अडलेही नाही.

पाटी मोठी, अधिकार तेवढेच

अडणार तरी कसे? घटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. कायद्याच्या नजरेत तो इतर मंत्र्यांसारखाच एक मंत्री. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या नेमणुकांविरुद्धची याचिका फेटाळताना हेच मानले : पद घटनाबाह्य नाही, पण त्यामुळे जादा काही मिळतही नाही. आजगावकरांकडे पर्यटन खाते २०१७ पासूनच होते. उपमुख्यमंत्रिपद आले ते त्याच्यावर.

मग एवढी चढाओढ कशासाठी? उत्तर हिशोबात आहे. ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे गोव्यात मुख्यमंत्री धरून १२ पेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. बारा ताटे आणि पंगत मोठी. ताटे वाढवता येत नाहीत, म्हणून मानाचा पाट वाढवायचा.

मुख्यमंत्र्याची जागा रिकामी झाली की हा दुसरा आपोआप वर चढतो, असेही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा उपमुख्यमंत्री होते फ्रान्सिस डिसोझा. त्यांनी दावाही केला. पण मुख्यमंत्री झाले पेडणे तालुक्यातलेच, मांद्र्याचे आमदार लक्ष्मीकांत पार्सेकर. डिसोझा होते तिथेच राहिले.

शेजारी वेगळे काही नाही. कर्नाटकात ऑगस्ट २०१९ मध्ये एकदम तीन उपमुख्यमंत्री झाले. त्यांतले अथणीचे लक्ष्मण सवदी आदल्याच वर्षी विधानसभेला पडले होते, हे बेळगावकर विसरलेले नाहीत. महाराष्ट्रात २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि शपथविधी ५ डिसेंबरला झाला. पहिला कोण आणि दुसरा-तिसरा कोण, हे उघड व्हायला मधले बारा दिवस गेले. अडीच वर्षांपूर्वी मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री झाले आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री.

२०२७ चा अंदाज

आता अंदाज करायचाच तर तो नावांवरून नको, गणितावरून करावा. सत्ताधाऱ्यांचा चेहरा सावंतच राहिले, तर पहिला माणूस साखळीचा, म्हणजे डिचोली तालुक्यातला, उत्तर गोव्यातला. तोल साधायला दुसरा दक्षिणेकडचा लागेल, किंवा मगोला सोबत ठेवायची किंमत म्हणून फोंड्याकडचा. भाजपला स्वबळावर २१ मिळाले तर कदाचित दुसरा लागणारच नाही. विरोधकांची मोट बांधली गेली, तर तिथे पहिल्याच खुर्चीवरून एकमत होणे कठीण. मग दुसरी खुर्ची नाराजाची समजूत घालायला वापरली जाईल.

यातल्या कुठल्याही मांडणीत पेडण्याचा नंबर लागणे अवघड दिसते. शेजारच्या तालुक्यात मुख्यमंत्री असताना दुसरी खुर्ची इकडे कोण देईल? त्रिशंकू विधानसभा आली आणि एकेका आमदाराला सोन्याचा भाव चढला, तरच. पण तसे झाले तर ती खुर्ची पेडण्याला मिळणार नाही, आमदाराला मिळेल. २०१९ ने हा फरक चांगलाच शिकवला आहे.

म्हणून पेडणेकरांनी ‘आमचो माणूस दुसरो’ या नादात किती राहायचे, हे आताच ठरवलेले बरे. मोपाचे विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. तिथल्या नोकऱ्या आणि टॅक्सीचा प्रश्न वाहतूक आणि कामगार खात्यांत सुटतो. तिळारीचा कालवा फुटला की कोरड पडते ती इथल्या नळाला आणि बागायतीला. ते काम जलस्रोत खात्याचे, आणि दोडामार्गापलीकडच्या सरकारशी बोलण्याचे. तुयेच्या हॉस्पिटलचा विषय आरोग्य खात्याचा. यातली एकही फाईल उपमुख्यमंत्र्याच्या पाटीखाली आपोआप येत नाही.

मते मागायला येणाऱ्याला त्यामुळे दोनच प्रश्न विचारावेत. निकालानंतर कोणाबरोबर बसणार? आणि बसलात तर कुठले खाते मागणार? अमेरिकेतल्या मतदाराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर रीतीनेच मिळते. इथे ती रीत नाही, म्हणून ते प्रचाराच्या सभेत, चारचौघांसमोर वदवून घ्यावे लागेल. शपथविधी पहाटे दोनला होतो, तेव्हा विचारायला मतदार जागा नसतो.