आमची तुकडी कोणती?

गेल्या वर्षी दसरा आटोपला आणि आमच्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या वर्गात एक साथ आली. तापाची नव्हे. पोरेपोरी मोबाईलमध्ये मान घालून कसल्याशा प्रश्नांची उत्तरे देत आणि मध्येच 'मी ग्रिफिंडॉर!', 'मी स्लिदरिन!' असे ओरडत. मी पडलो मराठीचा अध्यापक. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावात शिकवतो. ही नावे प्रथम कानावर पडली तेव्हा मला ती कपाशीवर फवारायच्या नव्या औषधांची वाटली!

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना हे प्रकरण ठाऊक असेलच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रोलिंगबाईंची हॅरी पॉटरची पहिली कादंबरी 1997 साली निघाली. तीत हॉगवर्ट्स नावाची जादूची शाळा आहे. तिथे नव्या मुलाच्या डोक्यावर एक जुनी, विटकी टोपी ठेवतात. टोपी त्याचे मन वाचते आणि शाळेच्या चार घरांपैकी एका घरात त्याची रवानगी करते. शूरांचे घर ग्रिफिंडॉर, बुद्धिवंतांचे रेव्हनक्लॉ, महत्त्वाकांक्षी आणि धूर्त मंडळींचे स्लिदरिन, आणि इमानाने कष्ट उपसणाऱ्यांचे हफलपफ. 2012 साली पॉटरमोअर या संकेतस्थळावर ही टोपीची परीक्षा सर्वांना खुली झाली, आणि मग तिच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्यांतलीच एक आमच्या वर्गात येऊन पोचली होती.

"सर, तुमीबी करा की," असा आग्रह झाला. मी चष्मा पुसून बसलो. आपण रेव्हनक्लॉ निघणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शिवाय परीक्षक म्हणून वीस वर्षे घालवल्यावर कोणत्या उत्तराला गुण मिळतात हे माणसाला न वाचताही कळते. निकाल आला: स्लिदरिन! वर्ग पाच मिनिटे हसत होता. घरी येऊन ही हकिकत सांगितली तर सौभाग्यवती पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं. त्याला मोबाईल कशाला हवा होता?"

माणसांचे असे प्रकार पाडण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली, त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खांचीही सांगितली. पण त्या याद्या वाचताना एक गंमत होते. प्रत्येक लक्षणाला आपल्याला शेजारी आठवतो, साडू आठवतो, आपल्या विभागाचे प्रमुख तर हटकून आठवतात. स्वतःची आठवण म्हणून होत नाही. पुलंची तऱ्हा निराळी. मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, यांपैकी तुम्हाला कोण व्हायचे आहे, असा प्रश्न टाकून त्यांनी जे तीन नमुने उभे केले ते महाराष्ट्राने ध्वनिफितींवरून इतके ऐकले की ते पाठ झाले. आणि ऐकणारा प्रत्येकजण त्यांत स्वतःलाच शोधू लागला. टोमणे खाऊनही माणसे आनंदाने 'हा मी!' म्हणू लागली.

मीही शोधले आहे. जगातल्या यच्चयावत विषयांवर मला मत आहे, तेव्हा पुणेकर म्हणावे, तर दुपारी दोन वाजता दारावर पाहुणा आला की मी त्याला आधी पाणी आणि मग चहा विचारतो. घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवतो म्हणून मुंबईकर म्हणावे, तर ते लोकलसाठी नसून एसटीसाठी असते, आणि ती वीस मिनिटे मागे असते. नागपूरकरांचा ऐसपैसपणा मला फार आवडतो. उन्हाळाही आमचा त्यांच्याहून फारसा उणा नाही. तरी हिशेब जुळत नाही. बीडच्या माणसाला त्या तीन खोल्यांत जागाच नाही. आम्ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, पुढे हैदराबाद राज्यात, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात दाखल झालो. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला बाक मिळत नाही, तसे काहीसे झाले असावे. पुलंना मी बोल लावत नाही. लेखकाने ओळखीच्याच माणसांवर लिहावे.

असो. मी सांगत होतो वर्गातली गोष्ट. मागच्या बाकावरच्या एका मुलीने सर्वांत शेवटी परीक्षा दिली. मुलगी हुशार, वाचनाची भूक मोठी; ग्रंथालयाच्या शिपायाने तिला कंटाळून कपाटाची किल्लीच देऊन टाकली होती. तिचा निकाल आला हफलपफ. तिने मला अर्थ विचारला, मी सांगितला. "म्हंजे सर, तिथंबी कष्टच की!" असे म्हणून ती हसली, पण ते हसणे काही खरे नव्हते.

मी तिला कादंबरीतला प्रसंग सांगितला. टोपी हॅरीला स्लिदरिनमध्ये घालायच्या विचारात असते. तो मनातल्या मनात 'तिथे नको' म्हणून विनवतो, आणि टोपी त्याचे ऐकते. टोपी नुसता स्वभाव पाहत नाही, इच्छाही विचारात घेते. पुलंनीही तुम्ही कोण आहात असे विचारलेले नाही, कोण व्हायचे आहे असे विचारले आहे. मला हा मुद्दा फार मार्मिक वाटला. वर्गातल्या काही जणांनी तो लिहूनही घेतला.

ती मात्र तास संपल्यावर थांबली. "सर, आमी परवा निघायलोत. मायची कंबर धरली हाय. आबाचा अर्धाच कोयता व्हायलाय."

बीडबाहेरच्या वाचकांसाठी या वाक्याची फोड करायला हवी. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाचसहा महिने फडाजवळच्या कोपीत संसार. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल मिळते ती कोयत्यावर. या हिशेबापायी कितीतरी पोरींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. हिचे लग्न बापाने केले नव्हते, हे त्याचे मोठेपण. पण आईच्या जागी उभे राहून कोयता पुरा करायला दुसरे कोणी घरात नव्हते.

मी संध्याकाळी तिच्या वडिलांना दूरध्वनी केला. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटे बोललो; व्याख्यान बरे झाले असावे. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "सर, तुमचं खरं हाय. पर उचल घेतलेली हाय. ती कोण फेडावं?"

दासबोधाच्या दहाव्या समासात मला त्या दिवशी शेजारी आठवला नाही.

ती गेली. जाताना ग्रंथालयातून माझ्या नावावर चार पुस्तके घेऊन गेली. त्यांत 'व्यक्ती आणि वल्ली' होते. हिवाळ्यातल्या सत्रपरीक्षेला रात्रभर एसटीत बसून आली, पेपर दिले आणि त्याच संध्याकाळी परत फिरली. हाताला पट्टी होती. मी विचारले तर "पाचट लागलं" एवढेच म्हणाली.

एप्रिलमध्ये टोळी गावी आली तेव्हा तिने प्रकल्पाची वही आणून दिली. ऊसतोडीतल्या शब्दांचा संग्रह होता: कोयता, मोळी, पाचट, वाढे, कोपी, उचल. शब्दकोशांत सापडणार नाहीत असे अर्थ तिने दिले होते. माझा एक शब्द तिने चुकीचा ठरवला होता, आणि तो चुकीचाच होता. वहीच्या मुखपृष्ठावर नाव, वर्ग आणि तुकडी असे तीन रकाने छापलेले होते. तुकडीपुढे तिने निळ्या शाईने 'रेव्हनक्लॉ' असे लिहिले होते.

आमच्याकडे द्वितीय वर्षाला एकच तुकडी आहे. मी वही तपासली, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, गुण दिले, आणि तो रकाना तसाच राहू दिला.